आळ

मे महिन्यात देवगडला आलेल्या पाहुण्याचे पोट बिघडले, की आरोपी शोधावा लागत नाही. तो माजघरात, गवताच्या अढीत, सोन्यासारखा पिकून हजरच असतो. रात्री दोनला कुणी ओकायला न्हाणीकडे धावले, की कुणीतरी अंथरुणातूनच निकाल देते, "आंबो बाधलो!" झाले, खटला संपला. साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. आंब्याला वकील नसतो.

मी बागायतदार नाही, त्यामुळे या बोलण्यात माझा स्वार्थ नाही. परंतु हापूसवरचा हा आळ मी इतक्या घरांत, इतक्या वेळा ऐकला आहे, की केव्हातरी त्याची बाजू मांडावी असे मनात होतेच. एका बैठकीला दहा आंबे चापणाऱ्याचे पोट दुसऱ्या दिवशी कुरकुरणार, हे मी नाकारीत नाही. पण ज्याने अर्धी फोड खाल्ली तोही ओकतो. जिने पथ्यामुळे आंब्याला हातही लावलेला नाही ती म्हातारी दोन दिवसांनी ओकते. आणि त्यानंतर तिचे सगळे करणारी सून आडवी होते. यात आंब्याचा संबंध कुठे आला?

'बाधणे' हे क्रियापद मला फार दिवसांपासून गमतीचे वाटत आले आहे. आमच्याकडे फणस बाधतो, नवे पाणी बाधते, एस.टी.चा प्रवास बाधतो, उपाशीपोटी घेतलेला चहा बाधतो, तिन्हीसांजेला चिंचेखालून जाणे बाधते, आणि शेजारणीची नजर तर बाधतेच बाधते. शब्द एक, पण त्यात वैद्य, न्यायाधीश आणि भगत असे तिघे मांडीला मांडी लावून बसलेले असतात. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात आरोग्यसेवक म्हणून बत्तीस वर्षे मी या तालुक्यात पायी, सायकलवर आणि शेवटी शेवटी मोटारसायकलवर हिंडलो. त्यातली निम्मी वर्षे या एका शब्दाच्या मागे काय दडले आहे ते विचारण्यात गेली असे म्हटले तरी चालेल. "काय झाले?" "बाधला." "काय बाधले?" "काय म्हायत! कायतरी बाधला." या उत्तरापुढे सरकारी वही हतबल होते.

पण आपली भाषा या बाबतीत अगदीच आळशी आहे असे नाही. जुन्या लोकांच्या तोंडी 'मोडशी' हा शब्द होता. ओकारी आणि ढाळ यांनी माणूस जो मोडून पडतो, ती मोडशी. हा शब्द आमच्या किनाऱ्यावरून किती लांब गेला पाहा. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. त्यात इथले लोक त्याला काय म्हणतात तेही टिपून ठेवले आहे. पुढे पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशी' केले आणि फ्रेंचांनी तर तो आपल्याच भाषेतला शब्द समजून 'मोर द शियँ' करून टाकला. त्याचा अर्थ कुत्र्याची मौत! कोकणातल्या कुठल्या तरी ओसरीवर म्हातारीने उच्चारलेला शब्द पॅरिसच्या वैद्यांनी असा उचलला. मला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते, की कुणीतरी लोकांना विचारले आणि लिहून ठेवले. माझ्या खात्याचे कामही तेच. फक्त पगार कमी.

माझ्या लहानपणी मोठ्या यात्रेला निघालेल्या माणसाला पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. पटकीचा दरारा मोठा. तिचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकाने १८८४ साली कलकत्त्यात वेगळा काढून दाखविला. तो पाण्यातून येतो, हे कळल्यावर पाण्याच्या मागे लागणे सोपे झाले. मी नोकरीला लागलो तो विहिरीच्या काठावरच. आमचा मुलूख जांभ्याचा, आणि जांभा म्हणजे दगडी चाळणच. पावसाचे पाणी त्यात जसे भराभर मुरते, तसेच शौचखड्ड्यातलेही मुरते. म्हणून विहिरीपासून खड्डा लांब काढा, असे सांगून सांगून घसा बसे. विहिरीत टी.सी.एल. पावडर कालवून सोडायची, मग घरातल्या हंड्यातले पाणी नळीत घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, आणि पिवळा रंग आला की समाधानाने चहा घ्यायचा. घरची मंडळी नाक मुरडून म्हणत, "बावीत औषध घातल्यार चायेक वास मारता." वास येतो म्हणजे औषध पोचले, मला तो वास आवडू लागला होता. ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेप्रमाणे लाल, पिवळी आणि हिरवी कार्डे मिळत. हिरव्या कार्डाचा सरपंच गावात जरा ताठ चालत असे.

या सगळ्यामुळे पटकी हटली, हगवणीच्या साथी कमी झाल्या. तरी एक आजार मात्र आमच्या पिवळ्या रंगाला भीक घालीत नसे. पाण्यात क्लोरीन आहे, तपासणीच्या बाटलीतले पाणी काळे पडलेले नाही, म्हणजे जंतू नाहीत. आणि तरी एका घरात चार दिवसांत आठ माणसे आडवी. पहिल्या माणसाला उलट्या सुरू होतात त्या अशा, की आतडे बाहेर येईलसे वाटावे. बारीक ताप, अंगदुखी, पाण्यासारखे जुलाब. दोन दिवस, फार तर तीन. मग पेज पिऊन माणूस उठतो, कामाला लागतो आणि विसरून जातो. या विसरून जाण्यामुळेच असेल, पण या आजाराला फार काळ चेहरा मिळाला नाही. १९२९ साली जॉन झाहोर्स्की नावाच्या अमेरिकन बालवैद्याने त्याला 'हिवाळ्यातली ओकारी' असे काहीतरी म्हणून ठेवले. म्हणजे अमेरिकेतही 'बाधला' याच्या पुढे फारसे कुणी गेले नव्हते.

चेहरा दिसला तो असा. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक या गावी एका प्राथमिक शाळेत मुले आणि शिक्षक मिळून दोनशे बत्तीस जणांपैकी निम्मे दोन दिवसांत ओकू लागले. ती मुले घरोघर गेली, आणि त्यांच्या सहवासातली जवळजवळ एक-तृतीयांश माणसे मागाहून पडली. जंतू काही सापडेना. तेव्हा रोग्यांची विष्ठा (फराळाच्या ताटाशी अंक घेऊन बसलेल्या वाचकांची क्षमा मागतो, या विषयात तिला टाळता येत नाही) अशा बारीक गाळणीतून गाळली, की कुठलाही जंतू पलीकडे जाऊ नये, आणि ते गाळलेले पाणी स्वयंसेवकांना पाजले. तेही आजारी पडले. विज्ञानासाठी फासावर गेलेल्यांची नावे आपण ऐकतो. हे पाणी पिणाऱ्यांना मात्र कुणी हार घातल्याचे ऐकिवात नाही. शेवटी १९७२ साली अल्बर्ट कापिकियन यांनी विद्युत् सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्यातले गोल कण पाहिले. प्रत्येक कण सत्तावीस नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत असे सदतीस हजार ओळीने बसतील. गावावरून त्याचे नाव पडले, आणि पुढे त्याच्या सगळ्या गोतावळ्याला 'नोरोव्हायरस' म्हणू लागले. नॉरवॉकच्या लोकांना काय वाटले असेल कोण जाणे! आंब्यामुळे ज्याचे नाव जगभर झाले अशा गावातला मी. त्यामुळे मला त्यांची कीव येते.

हा विषाणू अंगात जायला अगदी थोडे कण पुरतात, वीस-पंचवीससुद्धा. आणि एका ओकारीत ते कोट्यवधींनी बाहेर पडतात, हवेत उडतात, जमिनीवर, दाराच्या कडीवर, तांब्याच्या काठावर बसतात. अंगात गेल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस पडतो. बरा झाल्यावरही दोन-दोन आठवडे तो विष्ठेतून विषाणू टाकीत असतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. पाण्यातून तो येतोच, पण पाण्याची वाट अडवली म्हणून थांबत नाही. हाताला हात लागला तरी त्याचे काम होते. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मला तो पाठीमागून, घरातून, हुलकावणी देत होता तो असा.

आता ज्या घराची हकीकत सांगायची आहे ते घर आमच्याच वाडीतले. करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या एका गणपतीत हे घडले. मी तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. गणपतीला कोकणातले घर कसे फुगते ते सांगायला नको. एरवी ज्या घरात दोन म्हातारी माणसे आणि एक मांजर, तिथे त्या आठवड्यात सव्वीस माणसे होती. माजघरात एका ओळीने अंथरुणे. कोण कुणाच्या पांघरुणात शिरले याचा हिशेब नाही.

चतुर्थीचे मोदक करायला वाडीतलीच एक बाई येत असे. नवरा बोटीवर खलाशी होता, तो गेला. दोन पोरांना तिने मोदक, आंबोळ्या आणि लग्नाकार्यातला स्वयंपाक यांच्यावर वाढविले. गणपतीचे दिवस म्हणजे तिची सुगी. तिच्या हातच्या मोदकाला कळ्या अशा पडत, की खाण्याआधी माणसाने क्षणभर थांबावे. चतुर्थीला तिने त्या घरी दीडशेच्या वर मोदक वळले. ऋषिपंचमीला दुपारी घरातली मुंबईची सून ओकू लागली आणि तिच्या पाठोपाठ सासूबाई. तिसऱ्या दिवशी आणखी चौघे. संध्याकाळी घरातल्या एका काकींनी निकाल दिला, "तिच्याच हातचा बाधला." खोबरे आदल्या दिवशीचे असणार, तिने हात धुतले नसणार, तिच्या घरी कोण आजारी आहे का कुणी विचारले होते का, असे एकेक करीत आरोपपत्र तयार झाले. एका पोराला पाठवून तिला निरोप गेला, गौरीच्या स्वयंपाकाला येऊ नको.

ती माझ्याकडे आली. रडत नव्हती, रागाने काळीनिळी झाली होती. "माझ्या पोरांनीय तेच मोदक खाल्ल्यानी," ती म्हणाली, "तेंका खंय काय झाला?"

तिला कल्पना नव्हती, पण साथीच्या तपासातला पहिला प्रश्न तिने बरोबर विचारला होता. आजारी पडले त्यांनी काय खाल्ले हे सगळेच विचारतात. तेच खाऊन जे आजारी पडले नाहीत ते कोण, हे विचारायला राग यावा लागतो, नाहीतर शिक्षण घ्यावे लागते.

मी त्या घरी गेलो. घरातले कर्ते दादा आणि मी एका वर्गातले. त्यांच्याकडून दिनदर्शिकेचे एक जुने पान मागून घेतले आणि त्याच्या पाठीवर चौकटी आखल्या. आडव्या ओळीत दिवस, आणि प्रत्येक आजारी माणसासाठी त्या दिवसावर एक चौकट, एकावर एक, जांभ्याचे चिरे रचावे तशी. विचारता विचारता कळले, की धाकटा चार वर्षांचा नातू चतुर्थीच्या आदल्या रात्री कोकण रेल्वेत तीनदा ओकला होता. "गाडी लागली" म्हणून कुणी ते आजारात धरलेच नव्हते. आईने त्याला धुतले-पुसले, घरी आल्यावर तो पुन्हा ओकला तेव्हा आजीने जुन्या लुगड्याच्या फडक्याने जमीन पुसली. म्हणजे आधी एक चौकट. मग दीड दिवसाने दोन, त्याची आई आणि आजी. मग चार, त्यातली तिघे त्याच्याशेजारी झोपणारी भावंडे आणि चौथे जावई. हे जावई ऋषिपंचमीच्या सकाळी आले होते. तोवर मोदक संपले होते.

मोदकांनी हे केले असते, तर चौकटींचा एकच ढीग झाला असता. एका पंगतीत एका वेळी खाल्लेले माणूस साधारण एका वेळी पडते. इथे चिरे पायरीपायरीने चढत होते. एकापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला. शिवाय नैवेद्याचे मोदक सहा शेजाऱ्यांकडे गेले होते, त्यांपैकी एकाही घरात कुणाला काही नव्हते. वाफेत शिजलेले अन्न सुरक्षितच असते असा माझा दावा नव्हता. शिजल्यावर आजारी माणसाचा हात लागला तर मोदकही विषाणू वाहून नेईल. पण या मोदकांनी नेला नव्हता, एवढे त्या पानावर स्पष्ट दिसत होते. उद्या अजून दोघे-तिघे पडतील, असेही मी सांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी तिघे पडले, पाचव्या दिवशी एक. एकूण अकरा.

दादांनी पान निरखून पाहिले आणि मग मान वर करून मला म्हणाले, "म्हंजे आमच्या नातवान हाडल्यान म्हणतंस काय रे?"

मला तो प्रश्न अजून आठवतो. आळ एका डोक्यावरून उचलला, की माणसाला तो ठेवायला लगेच दुसरे डोके हवे असते. मग ते चार वर्षांच्या पोराचे का असेना. मी त्यांना म्हटले, पोराला तो शाळेत मिळाला असेल, नाहीतर डब्यातल्या कडीला. त्या कडीला कुणी लावला? तो माणूसही कुठूनतरी घेऊनच आला असणार. मागे मागे गेलो तर नॉरवॉकच्या पलीकडे जाऊ आणि तरी पहिला सापडणार नाही. या पानावर कोण चोर ते लिहिलेले नाही, तो कुठल्या वाटेने चालला आहे तेवढे लिहिले आहे. आणि वाट कळली की अडवता येते.

मग ती अडवली. ओकारी पुसलेली फडकी पुरून टाकली. टी.सी.एल. पातळ करून जमीन, कड्या, संडासाचे भांडे धुतले. ज्याला उलट्या झाल्या त्याने थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, पाणीसुद्धा ओतायचे नाही असे ठरले. देव्हाऱ्याजवळ करोनाच्या दिवसांतली सॅनिटायझरची मोठी बाटली होती. सगळे भक्तिभावाने तिचा एक एक थेंब घेत होते. या विषाणूपुढे त्या थेंबाचे फारसे चालत नाही; त्याला साबण आणि भरपूर वाहते पाणीच लागते. मी न्हाणीपाशी साबणाची वडी ठेवायला लावली.

धाकट्या सूनबाई गौरीच्या आदल्या दिवशी त्या बाईकडे स्वतः गेल्या. काकी गेल्या नाहीत. बाई म्हणाली, "माका आता दुसऱ्या घराक जावचा असा." आणि खरोखरच गेली. मला ते बरे वाटले. गौरीचा स्वयंपाक घरच्यांनीच केला, आणि मीठ जास्त झाले होते असे मला खात्रीलायक कळले.

या अकरा माणसांचे सरकारदरबारी काय झाले, असे कुणी विचारील. दोघे डॉक्टरकडे गेले. बाकीच्या नऊ जणांनी पेज घेतली. त्या नऊ जणांची नोंद जगाच्या कुठल्याही कागदावर नाही. दिनदर्शिकेचे ते पान सोडले तर.

आपल्या देशात २००४ पासून साथीच्या रोगांवर नजर ठेवण्याची एकात्मिक योजना आहे. मी तिच्यात काम केले आहे, म्हणून तिची थट्टा करणार नाही. तीन प्रकारचे नमुने असत : 'एस', 'पी' आणि 'एल'. आरोग्यसेवकाने लक्षणे पाहून भरायचा तो एस, डॉक्टरने अंदाज बांधून भरायचा तो पी, आणि प्रयोगशाळेने खात्री करून भरायचा तो एल. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपे. आता हे सारे संगणकावर आणि हातातल्या यंत्रावर आले आहे, रोजच्या रोज जाते. माझ्या एस नमुन्यात पातळ जुलाबाला रकाने होते; शोष पडलेला, न पडलेला, रक्त असलेला. पण नुसत्या ओकारीला वेगळा रकाना नव्हता. आणि ज्या विषाणूची ओळखच ओकारी, तो अशा कागदावरून बिनतिकीट पलीकडे जातो. त्यातून तो नक्की नोरोच आहे हे ठरवायचे तर विष्ठेचा नमुना घेऊन तो थंड ठेवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. गणपतीच्या घरात, आरती चालू असताना, सदऱ्याची बाही सरसावून "जरा नमुना मिळेल काय?" असे विचारणाऱ्या माणसाचे स्वागत कसे होते ते मी अनुभवले आहे.

तरी शोधणारे शोधतात. पुण्याला १९५२ साली विषाणूंच्या अभ्यासासाठी जे केंद्र निघाले, आणि आज ज्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणतात, तिथल्या शास्त्रज्ञांना पश्चिम भारतातल्या जुलाब झालेल्या मुलांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस सापडलेला आहे. म्हणजे तो इथे आहेच. केरळात २०२१ साली वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले तेरा विद्यार्थी, २०२२ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यात दोन मुले, आणि २०२३ च्या जानेवारीत एर्नाकुलमच्या एका शाळेतली मुले, असे तीनदा त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. तेव्हा आमच्या चावडीवर लोक म्हणाले, "केरळात नवीन रोग इलो." नवीन रोग आला नव्हता, तिथे नमुना तपासला गेला होता. ज्या गावच्या वहीत रोग दिसतो ते गाव रोगट, आणि ज्याची वही कोरी ते निरोगी, हा समज मी नोकरीत असताना साहेबांच्या बैठकीतही पाहिला आहे. जगभरात वर्षाला सुमारे साडेअडुसष्ट कोटी लोकांना हा आजार होत असावा आणि दोन लाखांच्या आसपास माणसे त्यात दगावत असावीत, असा अंदाज आहे. मरतात ती बहुतेक गरीब मुलकांतली लहान मुले आणि म्हातारी माणसे.

त्याचा चुलता शोभावा असा रोटा नावाचा विषाणू रूथ बिशप या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मेलबर्नला पाहिला. तान्ह्या मुलांना तो फार छळी. त्याच्यावर मात्र लस निघाली, आणि ती आपल्या देशातही झाली : एकीचे मूळ दिल्लीच्या रुग्णालयातल्या नवजात बाळांकडून मिळालेला विषाणू, दुसरी पुण्यात तयार होणारी. २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९ साली महाराष्ट्रात पोचली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाच्या तोंडात सोडतात, सुई नाही. माझ्या धाकट्या नातीने ती घेतली तेव्हा मिटक्या मारल्या. नोरोवरची लस अजून बाजारात नाही. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवायलाच २०१६ साल उजाडावे लागले, आणि तो रूपेही बदलत राहतो. एकदा होऊन गेला म्हणून जन्माची सुटका नाही.

आमच्या खाडीत कालवे होतात. ओहोटीला बायका खडकावर बसून ती फोडताना दिसतात, आणि बचतगटांनी त्यांची शेतीही करून पाहिली आहे. कालव आपल्या शिंपल्यातून दिवसभर पाणी गाळीत असते. पाण्यात विषाणू असला तर तो त्याच्या पोटात साठतो. त्याला स्वतःला काही होत नाही. युरोप-अमेरिकेत कालवे कच्ची, नुसते लिंबू पिळून गिळतात, आणि त्यातून या आजाराच्या साथी वरचेवर होतात. आमच्याकडे कच्चे कालव खाण्याची कल्पना ऐकूनच म्हाताऱ्या तोंडाला पदर लावतील. वाटण घालून ते रटरटा शिजते, आणि हा विषाणू साध्या कोमट वाफेला दाद देत नसला तरी त्या रटरटण्यापुढे टिकत नाही. ही आमच्या पूर्वजांची दूरदृष्टी होती असे मी म्हणणार नाही. त्यांना तिखट आवडत होते. परंतु हल्ली मुंबईहून येणाऱ्या काही तरुण पाहुण्यांना खाडीकाठी कच्चे कालव खाऊन फोटो काढण्याची हौस आलेली आहे. उद्या त्यांचे पोट बिघडले, की दोष कुणाच्या माथी जाईल ते वाचकांना ठाऊक आहेच; अढीतला आंबा बिचारा तयारच असतो.

पेजेबद्दल मात्र अभिमानाने बोलतो. या आजाराला औषध नाही. अंगातले पाणी आणि मीठ गेले ते परत घालायचे, एवढाच उपाय. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला लावले; नातेवाइकांनीच रोग्याला पेल्या-पेल्याने पाजायचे. जिथे शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, तिथे या पाण्यावर ठेवलेल्यांत चारांपेक्षा कमी मेले. साखर बरोबर असली की आतडे मीठ आणि पाणी आत ओढून घेते, हे त्यातले गुपित. डॉक्टर २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले. उकड्या तांदळाच्या पेजेत मिठाचा खडा घालून आमच्या आज्या जे पाजीत, तेही याच जातीचे; भाताचा स्टार्च पोटात साखरच होतो. प्रमाण बिनचूक हवे म्हणून पुडी घरात ठेवावी, विशेषतः लहान मुलांसाठी; पण पुडी आणायला माणूस जाऊन येईपर्यंत पेज थांबत नाही. लहान मुलाला ओकारी झाली म्हणून पाणी बंद करणारी माणसे अजून भेटतात. घोट घोट पाजा, ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर मात्र पेजेच्या भरवशावर न बसता दवाखाना गाठा.

ती मोदक करणारी बाई त्या वर्षानंतर एक गोष्ट करू लागली. कुठल्याही घरी कामाला उभी राहिली, की पदर खोचण्याआधी ती विचारते, "घरात कोण ओकता-बिकता काय?" लोकांना आधी राग आला, आता सवय झाली आहे. आमच्या वाडीची आशाताई चाणाक्ष आहे. सणासुदीला इतक्या घरांच्या चुलीपर्यंत जाणारे दुसरे माणूस नाही, हे तिने ओळखले. आणि आता ती आठवड्यातून एकदा बाईच्या ओट्यावर टेकते. गेल्या गणपतीत मी तिथून जात होतो, तेव्हा बाई पीठ मळता मळता तिला सांगत होती, "खालच्या वाडयेत दोन घरांत उलटये. एका घरात काल तीन, आज दोन. मुंबयचीच पोरां. बावीत औषध पडला हा, मी इचारलंय." आशाताई आपल्या यंत्रात बोटाने लिहीत होती. "जुलाब किती जणांना?" तिने विचारले.

"जुलाब एकाक," बाई म्हणाली, "बाकीच्यांका नुसती ओकारी. ती खंय लिवतंस?"